डिस्क फेसिंग करूनही ब्रेक पुन्हा थरथरतो? आधी चाक काढून हब बघा

लक्षण असं. कसारा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग डावं-उजवं थरथरायला लागतं आणि पेडल पायाला ठोके देतं. गॅरेजवाला डिस्क काढून लेथवर फेस करून, म्हणजे तिचा पातळ थर कापून सपाट करून आणतो. गाडी झकास थांबायला लागते. तीन-चार हजार किलोमीटर झाले की परत पहिले पाढे पंचावन्न. मग पुन्हा फेसिंग, मग नवे पॅड, मग नवी डिस्क, आणि काही महिन्यांनी पुन्हा तीच थरथर.

गाडी जुनी असेल आणि तिला बाहेरची मॅगव्हील, म्हणजे ॲल्युमिनियम मिश्रधातूची चाकं बसवलेली असतील, तर पहिला संशय डिस्कवर घेऊ नका. डिस्क ज्या हबवर टेकते तो हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला फिरणारा भाग, आणि जे चाक तिला त्या हबवर दाबून धरतं ते चाक, या दोन जागा आधी बघा. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असंच चालू राहतं.

उदाहरण म्हणून माझ्या मेव्हण्याची २००६ ची होंडा सिटी घेतो, ती डॉल्फिन म्हणतात ती. आधीच्या मालकाने तिला पंधरा इंची मॅगव्हील लावली होती. गाडीबद्दल काही तक्रार नाही, इंजिन अजून खणखणीत आहे. पण ब्रेकच्या थरथरीवर दरवेळी एकच उत्तर मिळायचं, "भाऊ, डिस्क बेंड झालीये, फेसिंग मारून देतो." बाकी गाड्यांचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

थरथर नेमकी कुठून येते

पाना हातात घेण्याआधी मोकळ्या सरळ रस्त्यावर गाडी घेऊन जा. मी नाशिकचा, सकाळी लवकर गंगापूर-गिरणारे रस्त्याला जातो, तोवर द्राक्षाच्या गाड्या सुरू झालेल्या नसतात.

ब्रेक न लावता ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग हलत असेल, तर ते ब्रेकचं दुखणं नाही. चाक सेंटरला बसलेलं नाही, बॅलन्सिंग गेलंय, रिम वाकलीये किंवा टायरला फुगा आलाय. ब्रेक लावल्यावरच स्टिअरिंग हलत असेल तर पुढच्या डिस्क. स्टिअरिंग शांत पण सीट आणि पेडल हलत असेल तर मागचे ड्रम. ड्रमची खात्री करायची तर मागेपुढे कुणी नाही असं बघून ४० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर हळूहळू ओढा. तशीच थरथर आली तर ड्रम ओव्हल झालेत, पुढच्या डिस्कला हात लावायची गरज नाही. बटण सोडायचं नाही आणि लिव्हर झटक्याने ओढायचा नाही, मागची चाकं लॉक झाली तर गाडी फिरते.

बाहेरच्या मॅगव्हीलच्या गाड्यांत पहिली आणि दुसरी तक्रार बऱ्याचदा एकत्र असते. तसं असेल तर कारण एकच असण्याची शक्यता जास्त.

फेसिंग टिकत का नाही

लेथवर फेस केलेल्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी होते, म्हणून थरथर जाते. पण ती डिस्क गंजलेल्या हबवर बसवली की किंचित तिरकी बसते. हबच्या तोंडावर गंजाचा बारीकसा पापुद्रा असला तरी तो मधल्या भागात असतो, आणि डिस्कच्या बाहेरच्या कडेला त्याचं डगमगणं वाढून दिसतं. ब्रेक लावलेला नसतानाही दर फेऱ्याला डिस्कचा तोच भाग पॅडला घासून जातो. हजारो किलोमीटर असं घासलं की तिथली जाडी कमी होते. जाडीतला फरक ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटरपर्यंत गेला की पेडल ते पायाला सांगायला लागतं. म्हणजे डिस्क बसवली त्या दिवशी सगळं ठीक असतं आणि दोष हळूहळू तयार होतो. गॅरेजवाल्याला वाटतं डिस्क पुन्हा तापून वाकली. प्रत्यक्षात डिस्क वाकण्याचे प्रकार फार कमी असतात.

दर फेसिंगला डिस्क पातळ होत जाते, हे वेगळंच. कमीत कमी जाडी किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं, 'मिन टीएच' असं लिहून पुढे मिलिमीटरचा आकडा. गंजामुळे वाचता येत नसेल तर वायर ब्रश मारा. त्याखाली गेलेली डिस्क भंगारात. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, आणि घाटात नेमकी ती साठवायची क्षमताच हवी असते.

चाक काढल्यावर तीन गोष्टी बघा

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका. खाली घोडी लावा, मागच्या चाकांना उटी लावा.

पहिली गोष्ट, मधलं भोक. सिटीच्या हबचा मधला उंचवटा ५६.१ मिलिमीटरचा आहे आणि कंपनीचं चाक त्यावर चपखल बसतं. बाजारातल्या मॅगव्हीलचं भोक सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं, बऱ्याचदा ७३.१. म्हणजे भोवती साडेआठ मिलिमीटर मोकळी जागा. ही जागा भरायला हबरिंग असते, बाहेरून ७३.१ आणि आतून ५६.१. सिटीच्या चारही चाकांत रिंग नव्हती. ती कधी टाकलीच नव्हती की कुठल्या पंक्चरवाल्याकडे पडून राहिली, देव जाणे.

रिंग नसेल तर चाक सेंटर करायचं काम एकट्या नटांवर येतं. समजा चाक अर्धा मिलिमीटर सरकून बसलं. टायरसकट चाक साधारण पंधरा किलोचं असतं. त्याचा हिशोब केला तर पंधरा इंची रिमच्या कडेला चाळीसेक ग्रॅमचं वजन चिकटवल्याएवढा बॅलन्स बिघडतो. बॅलन्सिंग मशीनवर मात्र चाक मधल्या भोकात कोन घालून धरतात, त्यामुळे तिथे काटा शून्यच दाखवतो. बॅलन्सिंग करूनही गाडी का हलते, याचं उत्तर बऱ्याच वेळा इथे असतं.

रिंग ॲल्युमिनियमची घ्या. प्लॅस्टिकची चालते, पण घाटात डिस्क तापल्यावर ती मऊ पडल्याचं मी पाहिलंय. तयार मापाची मिळाली नाही तर आपल्याकडे अडचण नाही. अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या भागात कुठल्याही छोट्या लेथवाल्याकडे बार नेऊन द्या, फक्त मापं व्हर्नियर कॅलिपरने स्वतः घेऊन जा. रिंग हाताच्या जोराने बसली पाहिजे, हातोडीने नाही.

दुसरी गोष्ट, नट. माझ्या मते सगळ्यात घातक भानगड हीच आहे आणि सगळ्यात कमी लोक तिच्याकडे बघतात. होंडाच्या मूळ नटाचं चाकावर टेकणारं तोंड गोलसर असतं, बॉल सीट. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलमध्ये बैठक निमुळती असते, ६० अंशांची. आटे दोन्हीकडे १२ मिलिमीटर बाय १.५ चेच, त्यामुळे मूळ नट मॅगव्हीलला सहज चढतो, आवळलाही जातो, आणि बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं. आत मात्र गोल तोंड निमुळत्या भोकात एका बारीक रेघेवर टेकलेलं असतं. ॲल्युमिनियम तिथे दबत जातं, नटाचा ताण उतरतो आणि चाक सरकायला जागा मिळते.

कारखान्यात काम करणाऱ्याला ही तपासणी शिकवावी लागणार नाही: ब्लू लावा. नटाच्या तोंडाला प्रशियन ब्लूचा, म्हणजे ठसा बघायच्या निळ्या रंगाचा पातळ थर द्या, चाक बसवा, नट आवळा, परत काढा. निमुळता नट बरोबर असेल तर भोकात रुंद निळा पट्टा उमटतो. सिटीच्या चाकात केसाएवढी निळी रेघ उमटली होती, तीही सगळीकडे नाही. एका भोकात तर कडेला ॲल्युमिनियम उमललं होतं आणि नखाला खाच लागत होती. ते चाक सरळ बाद केलं. ब्लू नसेल तर मार्करनेही काम भागतं, फक्त ठसा तेवढा स्पष्ट येत नाही.

नवे नट घेताना आटे मोजा. सुझुकीच्या गाड्यांना पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५ असते, होंडा, ह्युंदाई आणि टोयोटाला १.५. चुकीचा नट दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे हवेवरची नट आवळायची गन लावली की स्टडचे (ज्यावर नट चढतो त्या हबच्या बोल्टचे) आटे गेले. बरोबर नट हाताने निदान आठ फेरे आत गेला पाहिजे. त्याआधी अडत असेल किंवा चाकाची जाडी जास्त असल्याने आटे कमी पकडत असतील, तर लांब स्टड टाका किंवा ते चाक सोडून द्या.

तिसरी गोष्ट, चाकाच्या पाठीवरचा रंग. जुनं मॅगव्हील पावडर कोटिंग करून चकाचक केलेलं असतं, आणि कोटिंग करणारा हबवर टेकणाऱ्या तोंडावर आणि नटाच्या बैठकीतही रंग मारून मोकळा होतो. नट त्या रंगावर आवळला जातो. रंग तापून दबला की टॉर्क, म्हणजे नट आवळल्याचा ताण गेला. या दोन्ही जागी उघडा धातूच हवा.

डायल गेज लावा

नाशिकमध्ये प्रत्येकाच्या नात्यात किंवा गल्लीत सातपूर नाहीतर अंबडला नोकरी करणारा कुणी ना कुणी असतोच. मॅग्नेटिक स्टँड आणि डायल गेज (काट्यावर बारीक डगमग मोजणारं उपकरण) एका रविवारापुरतं मागून आणा.

आधी डिस्क काढावी लागेल. जुन्या होंडात डिस्क हबला दोन फिलिप्स स्क्रूंनी धरलेली असते आणि ते स्क्रू हमखास जाम असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केला तर डोकं गुळगुळीत होतं. हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. बरेच मेकॅनिक छिन्नीने स्क्रू उडवून देतात आणि नवे टाकत नाहीत. डिस्क शेवटी चाकाच्या नटांनीच आवळली जाते, त्यामुळे गाडी चालते. पण चाक काढलं की सुटी डिस्क सैल लोंबते, मागचा गंजाचा कचरा सांध्यात पडतो आणि तसाच चेपला जातो. सिटीत दोन्ही बाजूंचे स्क्रू गायब होते आणि उजव्या हबवर गंजाचे खवले अक्षरशः चिकटून बसले होते.

हबचं तोंड ग्राइंडरने घासू नका, खड्डा पडेल. वायर ब्रश आणि सपाट लाकडी ठोकळ्याला लावलेला १२० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. स्टडच्या मुळाशी जास्त वेळ द्या, तिथला गंज सुटत नाही. डिस्कच्या आतल्या तोंडालाही तेच. साफ झाल्यावर हबच्या तोंडावरच डायल लावून एक फेरा फिरवा. इथे काटा ठळक हलत असेल तर हब वाकलाय किंवा बेअरिंगमध्ये प्ले (ढिलाई) आहे. अशा वेळी कितीही नव्या डिस्क घातल्या तरी उपयोग नाही.

मग डिस्क बसवा, चारही स्टडवर सपाट वॉशर घालून नट सारख्या ताणाने आवळा, आणि डायलचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत ठेवा. हळूहळू एक पूर्ण फेरा. ०.१० मिलिमीटर ही वरची मर्यादा धरा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका, ०.०५ च्या आत आणा. जास्त येत असेल तर सर्वात उंच जागेवर खडूने खूण करा, डिस्क काढून एक स्टड पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा, आहे तिथेच राहिली तर हबचा. नुसत्या जागा बदलण्यानेही पुष्कळदा आकडा निम्म्यावर येतो, कारण दोन्हींचा तिरकेपणा एकमेकांना मारतो.

उजवीकडे आम्ही काही न करता घेतलेला आकडा ०.१८ होता. फक्त साफसफाईनंतर तो ०.०६ झाला आणि डिस्क एक स्टड सरकवल्यावर ०.०४.

डिस्कची जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा. रनआउट, म्हणजे डायलवर मोजलेलं डगमगणं सुधारलं पण जाडीतला फरक तसाच असेल तर थरथर जाणार नाही. अशा वेळी एक शेवटचं फेसिंग किंवा नवी डिस्क योग्य, अर्थात हब साफ केल्यानंतर.

चाक परत चढवताना

रिंग बसवा, हबच्या मधल्या उंचवट्याला अँटीसीझचं (धातू जाम होऊ न देणाऱ्या लेपाचं) बोट फिरवा म्हणजे ॲल्युमिनियम चिकटून बसणार नाही. स्टडच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात, ग्रीस लावून तेवढाच टॉर्क दिला तर स्टड जास्त ताणला जातो.

नट हाताने लावा, चाक हवेत असतानाच समोरासमोर थोडे थोडे आवळा, मग खाली उतरवून टॉर्क रेंचने शेवटचा ताण. होंडाला १०८ न्यूटन मीटर, दुसऱ्या गाडीला तिचं मॅन्युअल सांगेल ते. टायरवाल्याची गन एका नटाला किती ताण देते ते त्यालाही माहीत नसतं. एक नट जास्त आणि शेजारचा कमी आवळला तरी मधे दाबलेल्या डिस्कचा पाया वेडावाकडा होतो, आणि वर मोजलेले सगळे आकडे पाण्यात. पंक्चर काढायला गेलात तरी गन लावू देऊ नका. तो "काय शेठ, वीस वर्षं हेच करतोय" म्हणेल, म्हणू द्या.

८०-१०० किलोमीटर चालवल्यावर चाकं थंड असताना पुन्हा टॉर्क तपासा. इगतपुरीला जाऊन परत आलात की साधारण एवढं अंतर होतं.

जुन्या गाडीत ब्रेकची एवढी दुरुस्ती त्याच दिवशी उरका

ब्रेकचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडलाच आहे तर तो ज्यावर सरकतो त्या स्लाइड पिन बाहेर काढा. पिन हाताने सरकली पाहिजे. जाम असेल तर एकच पॅड घासतो, ती डिस्क सारखी तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. पिनला सिलिकॉन ब्रेक ग्रीसच लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं की रबर बूट फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. कॅलिपर होजवर (ब्रेकच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा.

चाक जड फिरत असेल तर ब्लीडर निपल थोडा सैल करा. ब्रेक फ्लुइडची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकतोय. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत रबरी होज आतून सुजलेला असतो, बाहेरून नवाकोरा दिसतो. फ्लुइड जातं पण परत येत नाही. निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर पिस्टन किंवा पिन. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडरचं रबर उचलून ओल बघा. शू ओले झाले असतील तर ते पुसून वापरू नका.

फ्लुइड हवेतली ओल शोषतं. कोऱ्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात फ्लुइड उकळून पेडल अचानक खोल गेलं तर कारण बऱ्याचदा हे असतं. त्याचा थरथरीशी संबंध नाही, पण दर दोन वर्षांनी बदला. आणि कसाऱ्यात किंवा सप्तशृंगीवरून उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नका. खाली आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर वॉशिंग सेंटरचा फवारा तर अजिबात नको.

नवे पॅड असतील तर रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम ब्रेक, दहा-बारा वेळा, मधे थोडं चालवत, पूर्ण न थांबता. मग ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून थंड होऊ द्या.

मॅगव्हील ठेवायची की काढायची

चाकाच्या आतल्या बाजूला माप, ऑफसेट (हबवर टेकणारं तोंड चाकाच्या मध्यरेषेपासून किती सरकलेलं आहे ते), पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि कमाल वजन कोरलेलं हवं. जपानी मानकाची जेडब्ल्यूएल, व्हीआयए ही अक्षरं असतात, भारतात विकलेल्या चाकावर आयएस १६१९२ सह आयएसआय चिन्ह बघा. ठसे बनावटही असू शकतात, पण ज्यावर काहीच कोरलेलं नाही ते चाक घेऊ नका. मूळ ऑफसेट ४५ आणि नव्याचा ३५ असेल तर चाक सेंटिमीटरभर बाहेर येतं, बेअरिंगवर भार वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हिसके देतं. चाक बाहेर काढायला हब आणि चाकामध्ये स्पेसर (जाड चकती) घातला असेल तर तो आजच काढा.

खड्ड्यात आपटलेल्या चाकाची आतली कड बोट फिरवून तपासा. तडा दिसला की चाक बाद. आर्गॉन वेल्डिंग मारून मिळतं, दिसतंही छान, पण वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूच्या मिश्रधातूची ताकद उतरलेली असते. समृद्धीवर इगतपुरीपासून पुढे १२० च्या वेगात असं चाक फुटलं तर काय होईल याचा विचार करा. बॅलन्सिंगची चिकटवलेली शिसं कॅलिपरला घासत नाहीत ना, हेही चाक हाताने फिरवून ऐका. खरखर आवाजाच्या बऱ्याच तक्रारी त्या शिशाच्या असतात.

सिटीची तीन चाकं ठेवली, एक बदललं, रिंग आणि निमुळते नट टाकले. एक पावसाळा आणि कसाऱ्याच्या कितीतरी फेऱ्या झाल्या, पेडल शांत आहे.

आणि होंडाच्या डिकीतली स्टेपनी बहुधा कंपनीच्या लोखंडी रिमची असते, तिला निमुळते नट चालत नाहीत. मूळचे चार बॉल सीट नट पिशवीत बांधून जॅकच्या शेजारीच ठेवा.